मजुरी कुठे धरली?

लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याची बिदागी आधी ठरायची. त्याच घरात सणावारी चाळीस पानं एकटीने उठवणाऱ्या काकूंच्या वाट्याला मात्र ‘तुमच्या हाताला काय चव आहे हो!’ एवढंच यायचं. हौस आहे ना, मग पैसे कसले, हा आपल्याकडचा जुना न्याय. बाईने पैसे घेऊन रांधणं तेव्हाही होतंच. पण चार घरच्या पोळ्या लाटणारी बाई ‘बिचारी’ ठरायची, कसबी कुणी म्हणत नसे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत स्वयंपाकाची आवड हा बायकांचा व्यवसाय कसा झाला हे पाहू लागलं, की हाताची चव पूर्वीपासून होतीच हे दिसतं. हळूहळू बदलला तो हिशेब.

१९५९ मध्ये गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘लिज्जत’ उभं राहिलं. लाटलेल्या पापडांच्या वजनावर मजुरी, ही तिथली रीत. घरोघरी उन्हाळ्यात फुकट होणाऱ्या कामाला तिथे किलोमागे दर मिळाला.

थोडं पलीकडे, लालबाग-परळच्या चाळींत, खाणावळवाल्या बायका होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार बायको-मुलांना गावी ठेवून यायचा आणि एखाद्या बाईकडे दोन वेळचं जेवण लावायचा. एका खोलीत तिचा संसार आणि त्यातच पाळ्यांप्रमाणे उठणाऱ्या पंगती. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. महिनाभर राबून हाती उरायचं ते व्याजात जायचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि पहिल्या चौदा जणींना बँकेकडून प्रत्येकी दीड हजार रुपयांचं कर्ज मिळवून दिलं. गहाण टाकायला काही नसलेल्या बाईचा धंदा बँकेने धंदा म्हणून मोजला, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढे १९८२ च्या संपात जेवणारेच गावी परतले आणि खाणावळी ओस पडल्या. हाताला चव असून भागत नाही, गिऱ्हाइकाच्या खिशातही पैसा लागतो, हा धडा गिरणगावाने फार महागात घेतला.

मध्यमवर्गात हा बदल पुस्तकांतून आणि वर्गांतून आला. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत घरीच शिकवण्या सुरू केल्या, १९७४ मध्ये पहिलं पुस्तक काढलं आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठी घरांत मात्र नाव घेतलं जातं ते कमलाबाई ओगले यांचं. शाळा चौथीपर्यंत, स्वयंपाकाचे धडे सासूबाईंकडून, आणि १९७० मध्ये ‘रुचिरा’. वाटी आणि चमचा या प्रत्येक घरात असलेल्या मापांत त्यांनी प्रमाण दिलं. याचं मोल चकली करणाऱ्यांना विचारावं. भाजणीत मोहन जास्त पडलं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताला भिडते. आजीला ते पिठाची मूठ वळूनच कळायचं. नव्याने शिकणारीने काय करावं? प्रमाण कागदावर आलं, की आजची चकली उद्या तशीच होते, दुसऱ्या हातूनही होते. जे पुन्हा तसंच करता येतं तेच विकता येतं.

१९९३ मध्ये झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ सुरू झालं, संजीव कपूर घराघरांत पोचले आणि मुलाने ‘मला शेफ व्हायचंय’ म्हटलं तर वडिलांचा चेहरा पूर्वीइतका पडेनासा झाला. मग यूट्यूब आलं. मधुरा बाचल यांच्यासारख्या गृहिणींनी स्वतःच्या ओट्यावर कॅमेरा लावला आणि प्रकाशक, वाहिनी कुणाचीच वाट पाहावी लागेना. आज सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर फराळाच्या ऑर्डरी घेणारी बाई अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करते, पाकिटावर क्रमांक छापते.

अशा नव्याने सुरुवात करणाऱ्या मैत्रिणींचे हिशेब मी बघते. पुरणपोळीच्या कागदावर हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक, वेलदोडे, तूप असतं, गॅससुद्धा असतो. डाळ शिजवून कट काढणं, पुरण आटवणं, यंत्रातून काढणं, लाटणं, भाजणं यांतलं काही नसतं. ‘मजुरी कुठे धरली?’ विचारलं की उत्तर येतं, ‘अगं, ते तर मी आवडीनेच करते.’ आचाऱ्याने असं कधी म्हटलं नसतं.

आवड व्यवसायात आली की थोडी झिजतेही. पाच-पाच किलोंचे घाणे तळून उठलेल्या बाईला घरच्या चिवड्याचा वासही नको होतो. म्हणून तर मोबदला चोख हवा. हौस आटते त्या दिवशीही ऑर्डर पुरी करावी लागते आणि त्या दिवसाचे पैसे कौतुकाने फिटत नाहीत. यंदा दिवाळीचा फराळ ओळखीच्या बाईंकडून मागवणार असाल, तर ‘घरचंच तर आहे’ म्हणून भाव पाडू नका. घरचं आहे म्हणूनच आपण तिच्याकडे जातो. मग पैसेही त्याचेच द्यायला हवेत.