बारा टनांची पाचर

नाशिकमध्ये लाकडाचं जळण अजून संपलेलं नाही. बारदान फाट्याजवळच्या ‘साधना’त चुलीवरच्या मिसळीसाठी रविवारी रांग लागते, जुन्या वाड्यांतले तांब्याचे बंब अधूनमधून पेटतात आणि पंचवटीच्या अमरधाममध्ये चितेचं लाकूड महापालिका मोफत अंत्यसंस्कार योजनेतून पुरवते. बंबाला बोटाएवढ्या ढलप्या लागतात, चुलीला मनगटाएवढी फाळकी आणि चितेला जाड लाकूड. वखारीत ते कुणीतरी फोडतं, आणि हे काम जितकं अंगमेहनतीचं तितकंच नजरेचं आहे.

लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीत धावतात. आडवं तोडताना ते चिवट असतात, पण दोन तंतूंमधली पकड त्यामानाने कच्ची. पाचर तिथे शिरून दोन्ही बाजू रेटते आणि भेग पुढे पळते. म्हणून फोडायच्या कुऱ्हाडीचं पातं जाड हवं. झाड तोडायची पातळ कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते. वाळताना ओंडका त्रिज्येच्या दिशेपेक्षा घेराच्या दिशेने साधारण दुप्पट आकसतो, त्यामुळे त्याच्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे भेगा पडतात. जाणता फोडणारा आधी त्या भेगा वाचतो आणि गाठ चुकवून त्यांच्या रेषेत घाव घालतो. बाभळीसारखं जळण नाही, किलोमागे ४,८०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देते. पण ती गाठाळ. निलगिरी आणि कडुनिंब यांचे तंतू पिळलेले, एकमेकांत गुंतलेले. तिथे कुऱ्हाड बाजूला ठेवून पाचर आणि घण घ्यावे लागतात.

हातानं फोडताना ओंडका जाड ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवावा. नेम चुकला तरी कुऱ्हाड ठोकळ्यात बसते, पायापर्यंत येत नाही. ठोकळ्यावर जुना टायर ठेवून त्यात ओंडका उभा केला की फाळकी उडत नाहीत आणि सारखं वाकावंही लागत नाही. पाचरेकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. घणाचा मार खाऊन तिचं डोकं पसरतं, कडा चिरतात, आणि तिथून उडालेली पोलादाची कपची डोळा घालवू शकते. त्या कडा ग्राइंडरनं घासून काढाव्यात आणि चष्मा लावल्याशिवाय घण उचलू नये.

आता लाकूड फोडायच्या यंत्राकडे येऊ. सातपूर-अंबडसारखी औद्योगिक वसाहत हाताशी असलेल्या गावात असं यंत्र घरगुती पद्धतीनं उभं करणं अवघड नाही. जाड आय-बीमची चौकट, एका टोकाला वेल्ड केलेली पाचर, दुसऱ्या टोकाला जुन्या जेसीबीचा नाहीतर ट्रॅक्टर ट्रॉलीचा सिलिंडर, आणि दाब ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये पेटंट घेतलेल्या दाबयंत्राचंच हे तत्त्व. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला १५० बार दाब दिला तर सुमारे १२ टनांचा रेटा मिळतो. पंप मिनिटाला ३० लिटर तेल देत असेल, तर ६० सेंटिमीटर सरकायला दट्ट्याला नऊ-दहा सेकंद लागतात. सरळ तंतूंच्या लाकडात सराईत हात याहून वेगवान असतो. गाठाळ बाभळीपुढे मात्र यंत्राला तोड नाही, आणि ज्याचे खांदे घण मारून झिजलेत त्याला ते मिळायलाच हवं.

या संथपणाचीच मला भीती वाटते. हळू येणाऱ्या दट्ट्यासमोर ओंडका सावरायला हात सहज पुढे जातो, आणि एकजण ओंडका धरतोय, दुसरा लिव्हर ओढतोय, अशा वेळी बोटं जातात. जो ओंडका ठेवेल त्यानंच लिव्हर चालवावा. दोन्ही हात गुंतल्याशिवाय दट्ट्या पुढे जाणार नाही आणि लिव्हर सोडताच थांबेल, अशी रचना घरगुती यंत्रातही करता येते. ठरावीक दाबावर तेल परत टाकीत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह नसेल तर अडलेला ओंडका पाइप फोडू शकतो. पाइप झिरपतोय का हे हात फिरवून कधीच पाहू नये, पुठ्ठा धरून पाहावं. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबानं सुटलेलं तेल कातडीतून आत शिरतं. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत मांस मरत जातं. तडक शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात जावं लागतं.

शंकूच्या आकाराचा फिरता स्क्रू लावलेली यंत्रं स्वस्त पडतात. ओंडका नीट टेकलेला नसेल तर स्क्रूबरोबर तोच गरागरा फिरतो. पदर, ओढणी, सैल बाही, इतकंच काय हातमोजाही स्क्रू क्षणात ओढून घेतो. स्क्रू फिरवणाऱ्या पट्ट्याला आच्छादन आणि पायाशी बंद करायचं बटण नसेल, तर असं यंत्र घरात आणूच नये. त्यापेक्षा पाचर आणि घण बरे.

फोडणी माघ-फाल्गुनात उरकली तर चैत्र-वैशाखाचं ऊन फाळक्यांना मिळतं. विटांवर, हवा खेळेल अशी रास लावून वर पत्रा टाकला, की जूनचा पाऊस येईपर्यंत चुलीचा धूर कमी करणारं जळण तयार असतं.