मेजावरील पडकी घरे

मेजावर लुटुपुटूची लढाई खेळण्याचा छंद इंग्लंडमध्ये जुना आहे. एच. जी. वेल्स या विख्यात लेखकांनी १९१३ साली अशा खेळाचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. आज या रणभूमीवर चिमुकल्या सैनिकांबरोबर पुठ्ठ्याची वा प्लॅस्टिकची पडकी घरेही मांडतात.

ती रंगविणे हे बारीक निरीक्षणाचे काम आहे. लहान वस्तूच्या खाचाखोचांत पुरेशी सावली दिसत नाही. ती रंगानेच निर्माण करावी लागते. प्रथम भिंतींना गडद रंग देतात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग वरवर फिरवितात. तो केवळ उंचवट्यांना लागतो आणि एकेक वीट उठून दिसते. शेवटी पातळ काळपट रंग सोडला, की तो आपोआप फटींत उतरतो.

काजळी मात्र कोठेही फासून चालत नाही. ज्वाळा वर चढतात; म्हणून काजळी खिडकीच्या वरच्या बाजूस हवी. आतील भिंतीवर फुलाफुलांच्या कागदाचा एखादा तुकडा राहू दिला, की येथे कोणी एके काळी राहत होते, हे जाणवते.

खेळ संपला की सैनिक पेटीत जातात. खऱ्या युद्धात पडलेले घर मात्र असे पुन्हा मांडता येत नाही.