ती आळशी झालेली नाही

ताईंनो, घोडबंदर रस्त्यावर दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेली बाई बरी होऊन घरी येते. जखम भरते, बोलणंही नीट असतं. पण आधी कुकर लावायचा की भाजी चिरायची, हेच तिला सुचत नाही. हप्ता विसरते, पटकन चिडते. हा आळस नव्हे. कपाळामागचा मेंदू कामांचा क्रम लावतो. त्याला मार बसला की असं होतं. सुधारायला महिने, कधी वर्षंही लागतात.

एका वेळी एकच काम सांगा. कामाच्या पायऱ्या लिहून भिंतीला लावा, मोबाईलवर गजर लावा, मध्ये विश्रांती द्या. मुंबईत केईएम, सायन रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहेत, तिथे दाखवा. गटातून तिचं नाव कमी करू नका. हप्त्याच्या आदल्या दिवशी आठवण करा.