जमिनीखालचे बिऱ्हाड

पाळीव प्राण्यांच्या दुकानात हॅमस्टरसाठी म्हणून जे पिंजरे टांगलेले असतात, त्यांची रचना पाहिली म्हणजे हा प्राणी माडी-दुमाडीच्या वाड्याची हौस असणारा असावा, असाच कोणाचाही समज व्हावा. तांबड्या-निळ्या प्लास्टिकचे जिने, सज्जे आणि घसरगुंड्या यांनी ती इमारत अशी नटवलेली असते की, मुलाचा हट्ट आणि बापाचा खिसा यांच्यातील तंटा तेथल्या तेथे निकालात निघावा. वस्तुतः हा जीव मूळचा भूमिगत आहे. सीरियातील अलेप्पो शहराच्या आसपासच्या शेतजमिनींत सोनेरी हॅमस्टरची वस्ती असून, तेथील बिळांची पाहणी झाली तेव्हा ती सरासरी 65 सेंटिमीटर खोल, तर काही मीटरभराहूनही अधिक खोल आढळली. 1930 साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तेथील एक बीळ खणवून पिलांसह एक मादी पकडली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर यांचे काळा-आजाराच्या वर्गातील रोगांवर संशोधन चालू होते, त्यासाठी हे प्राणी हवे होते; तेथे ज्या पेटीत त्यांना ठेवले तिचा लाकडी तळ कुरतडून काहींनी पोबारा केला, आणि जी उरली त्यांच्यापासूनच आज घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक सर्व सोनेरी हॅमस्टरांची वंशावळ सुरू होते. लाकडी खोका घरी ठोकून घेण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

तेव्हा पिंजऱ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न मजल्यांचा नसून खोलीचा आहे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सोनेरी हॅमस्टरांना 10, 40 आणि 80 सेंटिमीटर थराच्या भुशावर ठेवून पाहिले, तेव्हा उथळ थरावरचे प्राणी पिंजऱ्याच्या तारा वारंवार चावत राहिले, आणि सर्वांत खोल थरावरच्यांनी मात्र तारांना तोंडही लावले नाही. तारा चावणे हा आपल्याला खेळ वाटतो. ती खरे म्हणजे कैद्याची तक्रार आहे. जर्मनीतील पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना किमान 100 सेंटिमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच जागेची शिफारस करते. एवढा पिंजरा दुकानात क्वचितच मिळतो. म्हणून एखाद्याची वापरातून गेलेली माशांची मोठी काचपेटी मिळवून तिच्यावर जाळीचे झाकण बसवावे, हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो.

पेटीत निदान एक वीतभर, जमल्यास त्याहून अधिक, भुसा दाबून भरावा. मात्र पाइन आणि सीडर यांसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा कच्चा भुसा श्वसनमार्गाला बाधक होतो, तो टाळावा. कागदाचा लगदा वाळवून केलेला भुसा निर्धोक. घरट्यासाठी बिनवासाच्या टिश्यू कागदाच्या चिंध्या टाकल्या की, हा प्राणी त्या गालांतील पिशव्यांत कोंबून, चेहरा दुप्पट रुंद झालेल्या अवस्थेत, आपल्या कोठाराकडे रवाना होतो. कापूस मात्र कदापि देऊ नये, कारण त्याचे धागे पायांत गुरफटतात, आणि पिशवीत वा पोटात गेले तर प्राणावर बेतते.

चाक हवेच, आणि तेही मोठे. सोनेरी हॅमस्टरला सुमारे 28 सेंटिमीटर व्यासाचे, सलग पृष्ठाचे चाक लागते. त्याहून लहान चाकात पाठ उलटी वाकते, आणि दांड्यांच्या चाकात पाय अडकतो. हे चाक किंवा मातीचे मडके नुसते भुशावर ठेवले तर खालचा बोगदा खचून आतला रहिवासी दबण्याची भीती असते, म्हणून जड वस्तू तळाला टेकलेल्या पायांच्या फळीवर मांडावी. कोपऱ्यात बारीक, धूळ नसलेल्या वाळूचे तसराळे, लपायला नारळाची करवंटी, कुरतडायला बाजरीचे कणीस, एवढ्यावर संसार भागतो. ‘एकटा कंटाळेल, जोडीच न्या’ असा सल्ला विक्रेत्याकडून हमखास मिळतो, पण तो मानू नये. वयात आलेले दोन सोनेरी हॅमस्टर एका अंमलाखाली नांदत नाहीत, त्यांची लढाई एकाच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकते.

साफसफाईचा उत्साहही आवरता घ्यावा. हा प्राणी बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो, तेवढाच भाग वरचेवर बदलावा; सगळा भुसा एकदम फेकला तर त्याच्या अंगच्या वासाने आखलेली हद्द आणि महिनाभर साठवलेली बेगमी दोन्ही जप्त होतात. राहता राहिला आपल्याकडचा उन्हाळा. पुण्या-नागपुरात चैत्र-वैशाखात खिडकीलगत ठेवलेली काचपेटी म्हणजे भट्टीच. तेव्हा पेटी घरातील सर्वांत थंड भिंतीशी, उन्हापासून दूर न्यावी, बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवावी, आणि आत एक गुळगुळीत फरशी ठेवावी, म्हणजे दुपारी तिच्यावर पोट टेकून त्याला पडता येते.