चाक मोठे, पाऊल हलके

२०१० सालच्या नोव्हेंबर महिन्यात आठ भारतीयांची एक तुकडी अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ या भारतीय ठाण्यावरून निघाली आणि २२ नोव्हेंबर रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. या मोहिमेचे नेते रसिक रवींद्र हे गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्राचे त्या वेळचे संचालक होते. मैत्रीपासून ध्रुवापर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले तरी दोन हजार शंभर किलोमीटरांहून अधिक भरते. वाटेत रस्ता नाही, गाव नाही, झाडाचे नाव नाही. हा प्रवास कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी झाला नाही, आणि रणगाड्यासारख्या पोलादी पट्ट्यांवर सरकणाऱ्या यंत्रांनीही झाला नाही. तो झाला हवा भरलेल्या रबरी टायरांच्या मोटारींनी.

या मोटारी आइसलंडमधील ‘आर्क्टिक ट्रक्स’ या कंपनीने सिद्ध केलेल्या होत्या. ही कंपनी १९९० साली सुरू झाली. तिचे मुख्य काम असे की, बाजारात मिळणारी साधी गाडी, विशेषतः मागे माल ठेवण्याचा हौदा असलेली पिकअप गाडी घ्यायची, तिला मोठी चाके बसवायची, तिच्या स्प्रिंगांची रचना बदलायची आणि तिला हिमावरून जाण्याजोगी करायची. या कामासाठी जी गाडी जगभर प्रसिद्धीस आली, ती टोयोटा कंपनीची ‘हायलक्स’ १९६८ पासून निघत आली आहे आणि २०२२ पासून भारतातही विकली जाऊ लागली. तिच्या बहिणी म्हणाव्यात अशा पिकअप गाड्या आपल्याकडे नाशिकचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो रोज वाहत असतात. भाजी वाहणारी गाडी आणि ध्रुवावर जाणारी गाडी यांत मूळचा फरक फारसा नाही. फरक आहे तो तिच्यात केलेल्या बदलांचा, आणि ते बदल ज्या विवेकाने केले जातात त्याचा.

ही विद्या आइसलंडमध्येच का वाढली, हे त्या देशाच्या नकाशाकडे पाहिले की उमगते. उत्तर अटलांटिकमधील या बेटाचा सुमारे एक दशांश भाग हिमनद्यांनी झाकलेला आहे. लोकवस्ती चार लाखांच्याही आत, आणि तीही बहुतेक किनाऱ्याला लागून. मधला डोंगराळ प्रदेश निर्मनुष्य. अशा देशात वादळात कोणी वाट चुकला, हिमाच्या भेगेत गाडी अडकली किंवा कोठे ज्वालामुखी जागा झाला, तर मदतीला धावून जाणारी पथके मुख्यतः स्वयंसेवकांची असतात. दिवसा दुकान वा कचेरी सांभाळणारी ही माणसे निरोप येताच आपापल्या गाड्या घेऊन निघतात. ज्या हिमात माणूस गुडघाभर रुततो, त्या हिमावरून जखमी माणसाला परत आणायचे असते. १९८० नंतरच्या काळात तेथील हौशी मंडळींनी आणि कारागिरांनी मिळून या गरजेला जे उत्तर शोधले, ते प्रथमदर्शनी उलटे वाटावे असे आहे. त्यांनी इंजिनाचे बळ वाढवण्याकडे प्रथम पाहिले नाही. त्यांनी टायर मोठे केले, आणि त्यांतली हवा काढून टाकली.

यातील मर्म समजण्यास थोडासा हिशेब पुरेसा आहे. समजा, पिकअप गाडीचे वजन २४०० किलो आहे. प्रत्येक चाकावर ६०० किलो भार येतो. आपल्या भाषेत ‘तीस पौंड हवा’ भरली, म्हणजे टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो होतो. टायर जमिनीवर साधारण तेवढ्याच दाबाने टेकतो. तेव्हा ६०० किलो पेलण्यास सुमारे २८५ चौरस सेंटिमीटर जागा लागते. दोन तळहात शेजारी ठेवले तर जेवढी जागा व्यापतील, जवळजवळ तेवढीच. आता हवा तीस पौंडांवरून तीन पौंडांवर आणली, तर तोच भार दसपट जागेवर पसरतो. ही जागा जेवायला बसण्याच्या पाटाएवढी होते. प्रत्यक्षात टायरच्या कडांचा ताठपणाही थोडा भार उचलतो, म्हणून आकडा काहीसा कमी येतो. परंतु हिशेबाची दिशा तीच राहते.

याच्या शेजारी माणसाचे पाऊल ठेवून पाहावे. सत्तर किलोचा मनुष्य चालताना क्षणभर एकाच पावलावर उभा असतो. बुटाचा तळ अडीचशे चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला ०.२८ किलो. हवा कमी केलेल्या गाडीचा दाब ०.२१ किलोच्या आसपास. म्हणजे अडीच टनांची गाडी हिमावर माणसापेक्षा हलके पाऊल टाकते. ज्या ठिकाणी चालक खाली उतरताच रुततो, तेथून त्याची गाडी तरून जाते, ती यामुळे.

ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला नवी वाटू नये. लोखंडी धाव बसवलेल्या बैलगाडीचे अरुंद चाक पावसाळ्यात काळ्या जमिनीत आरीपर्यंत रुतते. रबरी टायरची गाडी तोच माल घेऊन त्याच वाटेने पार होते. राजस्थानच्या वाळूत उंटाचे रुंद, मऊ पाऊल घोड्याच्या खुराला मागे टाकते, तेही याच न्यायाने.

मग मोठे टायर कशासाठी? हवा काढण्याचे काम लहान टायरमध्ये का होऊ नये? कारण लहान टायरमधील हवा काढली की रिम जवळजवळ जमिनीला टेकते. भार पसरण्यासाठी टायर चेपला पाहिजे, आणि चेपायला उंची हवी. मूळचे टायर सुमारे तीस इंच व्यासाचे असतात. हिमनद्यांवर अडतीस इंचांचे आणि ध्रुवप्रदेशात चव्वेचाळीस इंचांचे टायर वापरतात. चव्वेचाळीस इंच म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीएवढे चाक. ते चेपले म्हणजे जमिनीवरचा ठसा रुंदीपेक्षा लांबीनेच अधिक वाढतो, आणि गाडी समोरचे हिम नांगरत न जाता त्यावर चढत जाते.

परंतु खरे कोडे येथूनच सुरू होते. मोटारगाडी ही एखाद्या एकत्र कुटुंबासारखी असते. एकाचे मान वाढवले की सर्वांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पहिला प्रश्न रिमचा. कमी हवेत टायरची कड रिमवरून सुटू शकते. म्हणून ती कड रिमला आवळून धरणारे कडे बसवतात. शिवाय डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावीच लागते, कारण चेपलेला टायर वेगात सतत दुमडून तापतो आणि फाटतो. यास्तव अशा गाडीत हवा भरण्याचा पंप हा इंजिनाइतकाच आवश्यक अवयव ठरतो.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. विहिरीवरच्या रहाटाचे उदाहरण घ्यावे. रहाटाचा लाट जाड केला तर एका फेऱ्यात दोर अधिक गुंडाळला जातो खरा, पण ओढणाऱ्याच्या हाताला तेवढाच अधिक जोर लागतो. चाक मोठे झाले की इंजिनाची अवस्था अशीच होते. म्हणून गाडीच्या मागील व पुढील डिफरन्शियलमधील दातेरी चाके बदलून गिअरांचे प्रमाण पुन्हा पूर्ववत करावे लागते. हे न केल्यास क्लच आणि गिअरपेटी यांवर ताण येतो, आणि वेग दाखवणारा काटा खोटे बोलू लागतो. तीस इंचांच्या जागी अडतीस इंचांचे चाक बसवले आणि काटा ताशी ६० दाखवत असला, तर गाडी वस्तुतः ७६ किलोमीटर वेगाने जात असते.

तिसरा, आणि जिवाशी गाठ असलेला प्रश्न ब्रेकचा. ब्रेक चाकाला मध्याजवळ पकडतो. रस्ता त्याला कडेशी ओढत असतो. चाक जितके मोठे, तितका रस्त्याचा हात लांब. अडतीस इंचांच्या चाकाला तेवढ्याच अंतरात थांबवण्यास ब्रेकला सुमारे सव्वापट जोर लावावा लागतो. त्यात जड टायरांच्या फिरण्याचा आवेग निराळाच. तात्पर्य, चाके वाढवून ब्रेक जुनेच ठेवणारा मनुष्य आपली गाडी वेगवान नव्हे, न थांबणारी करीत असतो.

आता स्प्रिंगांकडे वळू. याविषयी एक समजूत सर्वत्र आढळते: स्प्रिंगा उंच केल्या म्हणजे गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा वाढते. ती अर्धीच खरी आहे. पिकअपच्या मागच्या चाकांना जोडणारा आडवा अ‍ॅक्सल स्प्रिंगांच्या खाली असतो, आणि त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा हा गाडीचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग. उंच स्प्रिंगांनी वरचा सांगाडा वर जातो. हा गोळा मात्र जागचा हलत नाही. त्याला उचलण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठे चाक. चाकाचा व्यास आठ इंच वाढला, तर गोळा चार इंच वर येतो. मग उंच स्प्रिंगांचे प्रयोजन काय? मोठ्या चाकाला वरखाली हलण्यास आणि वळण्यास मडगार्डाखाली जागा मिळावी, एवढेच मुख्यतः.

स्प्रिंगेच्या जोडीला शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो, आणि या दोहोंची कामे निरनिराळी आहेत. स्प्रिंग धक्का सोसते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यानंतरचे हेलकावे शमवतो. जड चाक खड्ड्यात आपटून वर उसळते, तेव्हा त्याला लगेच जमिनीवर परत टेकवणे हे या जोडीचे कर्तव्य. चाक हवेत असताना ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते. म्हणून चाक जड झाले की स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्याच्या तोलाचे निवडावे लागतात. केवळ ताठ पाटे घातले, तर रिकामी गाडी खडबडीत वाटेवर चेंडूसारखी उडते.

उंचीची किंमतही चुकवावी लागते. कडब्याने उंच लादलेली बैलगाडी बांधावरून उतरताना का कलंडते, हे खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असते. दोन चाकांमधील अंतर तेच ठेवून गाडीचा भार वर नेला, की ती थोड्याशा तिरपेपणाने वा एकाएकी घेतलेल्या वळणाने उलटू शकते. आइसलंडचे कुशल कारागीर म्हणूनच गाडी होईल तितकी कमी उचलतात. ते मडगार्ड कापून चाकासाठी जागा करतात, अ‍ॅक्सल थोडा सरकवतात, आणि रुंद रिम लावून चाके बाहेर काढतात. पाहणाऱ्याला गाडी उंच दिसते, पण तिची रुंदीही त्याबरोबर वाढलेली असते.

तेथील कायद्याने या विद्येला मज्जाव केला नाही आणि मोकळे रानही सोडले नाही. बदललेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते, वेगदर्शक नव्याने जुळवलेला आहे की नाही हेही पाहिले जाते. आणखी एक नियम मननीय आहे. गोठलेल्या, हिमाने झाकलेल्या जमिनीवरून गाडी नेण्यास तेथे परवानगी आहे. उघड्या जमिनीवर रस्ता सोडून जाणे मात्र गुन्हा आहे. तेथील शेवाळ चाकाखाली तुटले तर पुन्हा धरण्यास कित्येक दशके लागतात. ज्या चाकाचा ठसा हिमावर पुढच्या वादळात पुसला जातो, तोच शेवाळावर एका पिढीला पुरतो.

भारतातही अलीकडे पिकअप आणि जीपगाड्यांना उंच स्प्रिंगा व मोठी चाके लावण्याची हौस शहरांतून दिसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ तसाच ठामपणे सांगितला. कित्येकांना हा निर्बंध जाचक वाटतो. परंतु वरचा सारा हिशेब ध्यानी घेतला, तर त्यामागील काळजी उमगते. ज्या गाडीचे चाक बदलले पण ब्रेक, गिअर आणि तोल बदलला नाही, तिच्या चुकीचा दंड बहुधा दुसराच कोणी भरतो: समोरून येणारा सायकलस्वार, किंवा घाटाच्या वळणावर कडेने चालणारे एखादे कुटुंब.

हिमनदीवर वादळ उठलेले असते, तेव्हा मदतपथकाचा प्रमुख खाली उतरून टायरच्या झडपेशी वाकतो आणि हवा सोडतो. चार टायर सुस्कारा टाकल्यासारखे बसतात, गाडी पुढे सरकते. तिच्या त्या सावकाश चालीमागे गिअर मोजून बदललेले असतात, ब्रेक तपासलेले असतात, कड रिमला आवळलेली असते आणि पंप सज्ज असतो. हे सारे जेथे पूर्ण होते, तेथेच मोठे चाक माणसाला घरी परत आणते.