वाकड्या क्रूसाची शपथ

३ जानेवारी १६५३ रोजी कोचीजवळ मट्टांचेरीत हजारो ख्रिस्ती लोक एका दगडी क्रूसाभोवती जमले. सगळ्यांचे हात क्रूसापर्यंत पोचेनात, म्हणून क्रूसाला दोर बांधले गेले आणि ते दोर धरून लोकांनी शपथ घेतली, की यापुढे आम्ही युरोपीय जेझुइट धर्मगुरूंची सत्ता मानणार नाही. गर्दीच्या ओढीने क्रूस वाकला असे परंपरा सांगते. म्हणून केरळात ही शपथ ‘कूनन कुरिशु’, म्हणजे वाकड्या क्रूसाची शपथ म्हणून ओळखली जाते.

ख्रिस्ती धर्मात एवढे पंथ का, असा प्रश्न आला की इतिहासाची पुस्तके चार तारखा पुढे करतात. ४३१ ची इफिससची धर्मपरिषद आणि ४५१ ची खाल्सेडनची, जिथे येशूचे देवपण आणि माणूसपण यांचा मेळ कसा मांडायचा यावरून पूर्वेकडच्या मंडळ्या दुरावल्या. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले. १५१७ मध्ये ल्यूथर उभा राहिला. या तारखा खऱ्या आहेत, पण त्या वाचून असे वाटते की दरवेळी सिद्धांतावरून भांडण झाले आणि लोक वेगळे झाले. माझे मत वेगळे आहे, आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मला केरळात दिसतो.

प्रेषित संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये कोडुंगल्लूरला उतरला अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. इतिहासाला पक्के दिसते ते हे, की ८४९ च्या कोल्लमच्या ताम्रपटात तिथल्या चर्चला दिलेल्या सवलतींची नोंद आहे आणि शतकानुशतके या लोकांचे बिशप मेसोपोटेमियातून येत. ते इफिससनंतर रोमन जगापासून दुरावलेल्या पूर्वेच्या चर्चचे. उपासनेची भाषा सिरियाक. बिशप परदेशी, पण समाजाचा कारभार स्थानिक आर्चडीकनच्या हाती, आणि हे पद पकलोमट्टम घराण्यात चालत आलेले. धर्मगुरू लग्न करीत. शेजारच्या हिंदू समाजाशी रीतिरिवाज जुळलेले होते आणि राजदरबारी मान होता. त्यांना आपण कुठल्या ‘पंथा’चे हे सांगण्याची गरजच पडली नव्हती.

ती गरज पोर्तुगीज गोव्याने निर्माण केली. १५९७ मध्ये मेसोपोटेमियाहून आलेले शेवटचे मेत्रोपोलीतन मार अब्राहम वारले, आणि गोव्याचे आर्चबिशप अलेशो द मेनेझेस केरळात पोचले. जून १५९९ मध्ये उदयंपेरूर इथे त्यांनी धर्मसभा भरवली. बॅबिलोनच्या पॅट्रिआर्कशी नाते तोडा, धर्मगुरूंनी ब्रह्मचर्य पाळावे, सिरियाक ग्रंथ तपासणीसाठी आणून द्या, असे ठराव झाले. ग्रंथांतले काही ‘दुरुस्त’ झाले, काही जाळले गेले. उपासना सिरियाकमध्येच राहिली, पण तिला लॅटिन वळण दिले गेले. पुढे गादीवर युरोपीय जेझुइट बिशप बसले आणि आर्चडीकनचे अधिकार आखडत गेले. मेनेझेस यांचा हेतू एकीचा होता यावर मी शंका घेत नाही. पण जळालेले ते ग्रंथ एका समाजाची स्मृती होते. आज त्या काळाआधीचा केरळचा ख्रिस्ती इतिहास लिहिणाऱ्याला पानोपानी अडखळावे लागते, ते याच नुकसानीमुळे.

पन्नासेक वर्षे ही धग राहिली. १६५२ मध्ये अहतल्ला नावाचा सिरियन धर्माधिकारी मैलापूरला उतरला. पोर्तुगिजांनी त्याला अडकवले आणि जहाजाने गोव्याकडे रवाना केले. जहाज कोचीला आले तेव्हा लोकांनी त्याला भेटू द्या म्हणून विनवण्या केल्या, त्या फेटाळल्या गेल्या. त्याला समुद्रात बुडवले अशी अफवा उठली. पुढच्या संशोधनानुसार तो बुडाला नव्हता, गोव्याहून पोर्तुगालला पाठवला गेला होता. पण मट्टांचेरीचे दोर तोवर बांधून झाले होते. शपथेच्याच वर्षी, १६५३ च्या मे महिन्यात, आलंगाडला बारा धर्मगुरूंनी आर्चडीकन थॉमसच्या मस्तकावर हात ठेवून त्याला बिशप घोषित केले.

इथून पुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. रोमने कार्मेलाइट धर्मगुरू धाडले. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि युरोपीय कॅथलिक धर्मगुरूंना निघून जायला सांगितले. तेव्हा जाता जाता कार्मेलाइटांनी परंपिल चांडी या स्थानिक धर्मगुरूला बिशप केले, आणि दुरावलेल्यांतले बहुसंख्य लोक रोमकडे परतले. ठरावांनी आणि तपासणीने जे साधले नाही, ते आपल्या माणसाच्या नेमणुकीने साधले. उरलेल्यांकडे १६६५ मध्ये मार ग्रेगोरिओस आले. ते सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेचे, म्हणजे पाचव्या शतकातल्या त्या वादात पूर्वेच्या चर्चच्या अगदी विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्या चर्चचे. तरी केरळात त्यावरून मोठा सैद्धांतिक वाद पेटला नाही. लोकांना रीतसर बिशप हवा होता, आणि आपल्यावर हुकूम न गाजवणारा हवा होता. रोमकडे परतलेला गट ‘पळयकूर’ झाला, उरलेला ‘पुत्तनकूर’.

त्यानंतर फाटे फुटतच गेले. १७७२ मध्ये तोळियूरचे छोटे स्वतंत्र चर्च झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मिशनऱ्यांच्या सहवासातून अब्राहम मल्पान यांनी सुधारणा आणल्या, मल्याळममध्ये उपासना सुरू केली, आणि त्यांच्या अनुयायांचे मार थोमा चर्च १८८९ च्या न्यायालयीन निकालानंतर वेगळे उभे राहिले. १९१२ मध्ये केरळातच कॅथोलिकोसचे पद स्थापन झाले आणि ऑर्थोडॉक्स व जेकोबाइट असे दोन पक्ष पडले. ते अजून कोर्टात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला, तरी चर्चचा ताबा कोणाकडे हा प्रश्न गावोगावी पेटता आहे. १९३० मध्ये मार इवानिओस आपली सिरियन उपासना घेऊन रोमशी जोडले गेले, ते सिरो-मलंकारा चर्च. पळयकूर परंपरेचे सिरो-मलबार चर्च १९८८ पासून कल्याणच्या धर्मप्रांतातून महाराष्ट्रातल्या मल्याळी भाविकांची सेवा करते. पोप तोच, पण मिस्सेचा विधी वसईच्या चर्चमधल्या विधीहून वेगळा. सिरो-मलबार चर्चमध्ये २०२१ मध्ये वाद पेटला तो कुर्बानाच्या, म्हणजे मिस्सेच्या, वेळी धर्मगुरूने तोंड कुठे करावे यावरून, वेदीकडे की लोकांकडे. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. ज्यांची उपासना एकदा परक्यांनी बदलली होती, त्यांना ते क्षुल्लक वाटत नाही, आणि त्यांची ही हळवी जागा मला समजते.

एकीचे प्रयत्नही झाले, आणि त्यांतला एक महाराष्ट्राच्या मातीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या मंडळ्याही या वाटेने त्यात आल्या. कुठे बाळांचा बाप्तिस्मा होई, कुठे फक्त जाणत्यांचा. नव्या चर्चने दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट चर्च मात्र वाटाघाटीत असूनही शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. त्याला कोणी ओढून आणले नाही, आणि ते आजही स्वतंत्र आहे.