माल बोटीवर चढण्याआधी

समजा, तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याने दक्षिण कोरियातून रंगानुसार बेदाणा निवडणारं यंत्र मागवलं. भाव ठरला, आगाऊ रक्कम गेली. कागदपत्रांचं काय ते न्हावा-शेवा बंदरात माल उतरल्यावर सीएचए, म्हणजे सीमाशुल्काचं काम करून देणारा एजंट, बघेल, म्हणून तो निर्धास्त झाला. गणित चुकतं ते इथेच. माल सोडवण्याचं निम्म्याहून जास्त काम माल बोटीवर चढण्याआधी करायचं असतं. तिथे राहिलेली चूक बंदरात दिवसाच्या भाड्याने फेडावी लागते.

सुरुवात आयईसीपासून. हा आयातदाराचा क्रमांक परकीय व्यापार महासंचालनालय देतं. अर्ज ऑनलाइन, शुल्क ५०० रुपये, आणि क्रमांक म्हणजे तुमचा पॅनच. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून पक्की करावी लागते, काही बदललं नसलं तरी. हे राहून गेलं तर आयईसी बंद पडू शकतो आणि ते कळतं माल वाटेत असताना.

मग वस्तूचा आठ आकडी एचएस कोड. शुल्काचा दर, सवलत, एखाद्या खात्याची परवानगी लागते की नाही, सगळं त्यावरून ठरतं. फळं निवडणारी यंत्रं ८४३३ खाली येतात. धान्य, डाळी, बियाणं निवडणारी ८४३७ खाली. दिसायला दोन्ही यंत्रं सारखीच असू शकतात. म्हणून विक्रेत्याने कळवलेला कोड डोळे झाकून घेऊ नये. यंत्राचा कॅटलॉग सीएचएपुढे ठेवून कोड आधीच ठरवावा.

आता तीन मुख्य कागद: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग. तिघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. इन्व्हॉइसवर ‘यंत्र, एक नग’ आणि पॅकिंग लिस्टमध्ये पाच खोकी असतील, तर उरलेल्या चार खोक्यांत काय, हा प्रश्न येणारच. कॉम्प्रेसर, फीडर, सुटे भाग इन्व्हॉइसवर वेगळे लिहून घ्यावेत. एकूण वजन पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगवर एकच हवं. आपलं नाव-पत्ता आयईसीवर आहे तसाच हवा. या तिन्हींचे मसुदे आधी मागवा; मसुद्यातली चूक एका ई-मेलने सुधारते. लाकडी खोक्यांवर आयएसपीएम १५ चा शिक्का, म्हणजे ओंबीसारखं चिन्ह, असल्याचे फोटोही तेव्हाच मागवा.

दक्षिण कोरियाशी भारताचा व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. वस्तू त्यात बसत असेल, तर मूळ सीमाशुल्कात सवलत मिळू शकते. त्यासाठी मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं. पण २०२० च्या नियमांनुसार नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. यंत्र त्या देशातलं कशावरून, याची माहिती आयातदाराकडे असली पाहिजे आणि ती पाच वर्षं जपावी लागते.

शुल्काचा हिशोब वस्तूची किंमत, बोटभाडं आणि विमा यांच्या बेरजेवर होतो. भाड्याचा पुरावा नसेल तर एफओबी किमतीच्या, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के भाडं धरतात, विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. खरा खर्च बरेचदा याहून कमी असतो, म्हणून पावत्या जपाव्यात. डॉलरचा दर बँकेचा चालत नाही. सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला लागतो. समजा, बेरीज १०,००,००० रुपये झाली आणि सवलत घेतली नाही. मूळ शुल्क ७.५ टक्के धरलं तर ७५,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ७,५००. मग १०,८२,५०० वर १८ टक्के आयजीएसटी, १,९४,८५०. एकूण २,७७,३५० रुपये. यातला आयजीएसटी नोंदणीकृत व्यावसायिकाला नियमांत बसल्यास पुढे वळता करता येतो, पण माल सोडवताना रोकड लागतेच.

शेवटी बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरायचा आयातीचा अर्ज. ती बोट लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. त्याआधी ३० दिवसांपर्यंतही भरता येते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. कागद सीमाशुल्क खात्याच्या ‘ई-संचित’ या ऑनलाइन प्रणालीवर चढवले जातात. २०२० पासून कागदांची तपासणी चेहराविरहित झाली आहे, त्यामुळे तुमचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी वाचत असेल. त्याच्यासमोर यंत्र नसतं. कागदातून जे कळेल तेवढंच त्याला कळतं. कॅटलॉग सोबत जोडला, तर क्वेरी येण्याआधीच उत्तर गेलेलं असतं. शुल्क भरलं, आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा सीमाशुल्काचा आदेश, मिळाला, शिपिंग कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर हाती आली, की कंटेनर तासगावच्या वाटेला लागतो.

बिल ऑफ एंट्री भरण्याआधी सीएचए एक चेकलिस्ट पाठवतो. बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर, भर कामाच्या वेळी. आणि आपण ‘ओके’ पाठवून मोकळे होतो. पण कायद्याने शुल्काची आकारणी आयातदार स्वतः करत असतो. अर्ज सीएचएने भरला तरी कोड, किंमत, वजन यांबद्दल उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. तेव्हा ओके पाठवण्याआधी इन्व्हॉइस शेजारी घ्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचा. अर्धा तास जाईल.